केळनाकाठी हुरड्याचा रविवार

पहाटे पाच

दादा बॅटरी घेऊन रानात शिरतो. बांधावरच्या गवतावर इतकं दव आहे, की दहा पावलांत पायजमा गुडघ्यापर्यंत भिजतो. पौषातला रविवार. भोकरदनच्या अलीकडे, केळना नदीच्या काठाला आमची काळी जमीन आहे. शेती दादा बघतो. मी जालन्यात एका कॉलेजात इतिहास शिकवतो आणि हुरड्याच्या दिवसांत सुट्टी मिळाली की त्याच्या हाताखाली कामाला येतो. आज जालना आणि छत्रपती संभाजीनगरहून खवय्यांचं एक मंडळ यायचं आहे. तीसेक माणसं. ज्या गावाला जी गोष्ट चांगली होते ती त्या गावाला जाऊन, तिच्या हंगामात खायची, एवढाच या मंडळाचा नेम. भरिताला खानदेशात, हुरड्याला आमच्याकडे.

दिवसाचं पहिलं काम चाखण्याचं. आमची ज्वारी एकाच दिवशी पेरलेली नाही. दसऱ्याच्या मागेपुढे आठ-आठ दिवसांच्या अंतराने तिचे तीन तुकडे पेरलेत, कारण दाणा हुरड्यात राहतो तो फार तर आठवडाभर. त्याच्या आधी दाबला तर दूध उडतं आणि तोंडात पाणचट लागतं. त्याच्या पुढे गेला की गोडी ओसरते, साखरेचं पिष्ट होतं, दाणा आधी पिठूळ आणि मग दाताला न जुमानणारा. मधले हे थोडे दिवस दाणा हिरवट, टच्च भरलेला आणि मऊ असतो. नखाने दाबला की दबतो, पण दूध सोडत नाही. दादा एकेका तुकड्यातून दोन-दोन कणसं मोडतो, बॅटरी काखेत धरून दाणे सोलतो आणि कच्चेच तोंडात टाकतो.

"वरचं आज नको. परवा."

"आणि खालचं?"

"खालचं कालच सरलं. ते आता धान्याला सोडायचं. मधलं घ्यायचं आज. पण नदीकडच्या अंगाचं. बांधाकडचं अजून दुधात हाये."

एकाच तुकड्यात बांधाकडची आणि नदीकडची ओळ वेगळी चव देते. जमिनीची खोली बदलते, ओल बदलते, तसा दाणा पुढेमागे होतो. आज दिवसभर इथे बरीच माणसं चव घेतील, तिच्याबद्दल बोलतील. माझ्या मते त्यांच्यातली सर्वांत जाणती जीभ अंधारात, थंडीत, एका कणसावरून दुसऱ्या कणसाकडे जाणारी ही आहे. मंडळाला मी दरवेळी हे सांगतो आणि आजही सांगणार आहे.

साडेसहा

उजाडलं की पाखरं उतरतात. पोपटांचा थवा आधी वरून एक फेरी मारतो, मग कणसावर उलटा लटकतो आणि दाणे खाण्यापेक्षा सांडतो जास्त. चिमण्या, मुनिया, साळुंक्या त्याच्या मागोमाग. माचाणावर शेजारची आजी उभी आहे, डोक्याला फडकं, हातात गोफण. तिची गोफण फिरून सुटते तेव्हा चाबूक वाजल्यासारखा आवाज होतो. दगड कुठे पडला याला महत्त्व नाही, पाखरू उठतं ते त्या आवाजाने. दादाने चमकणाऱ्या फितीही बांधल्यात. पाखरं दोन दिवस त्यांना भितात, तिसऱ्या दिवशी त्यांच्यावरच बसतात. माणूसच लागतो, आणि तोही सूर्य उगवायच्या आत उभा राहिलेला. रात्री रोही आणि रानडुकरं येतात, त्यांची पाळी दादाची.

ज्वारी कमी का झाली, असं शहरातले लोक विचारतात. उत्तर या माचाणावर आहे. पूर्वी रब्बीला आमच्या शिवारात जिकडे तिकडे ज्वारी असायची. पाखरं तेव्हाही होती, पण ती सगळ्यांच्या रानात वाटली जायची आणि कुणा एकाचं फार नुकसान होत नसे. मग कापूस आला, सोयाबीन आलं, मका आला. पाणी असेल तिथे मिरची, नसेल तिथे हरभरा. आता चार-दोन रानांतच ज्वारी उरते आणि दहा शिवारांची पाखरं तिच्यावर तुटून पडतात. राखणीची मजुरी परवडत नाही म्हणून त्यातलाही एखादा पुढच्या वर्षी ज्वारी सोडतो, आणि त्याच्या वाटची पाखरं उरलेल्यांच्या माथी येतात. त्यात ज्वारीची काढणी कष्टाची, कणसं खुडायला आणि कडबा बांधायला माणसं मिळत नाहीत. संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे भरडधान्यांचं वर्ष म्हणून जाहीर केलं, तेव्हा भाषणं पुष्कळ झाली. मला वाटतं, त्या वर्षी गावोगाव राखणीच्या मजुरीला थोडा हातभार लागला असता तर चार शिवारं ज्वारीने भरली असती.

आजी खाली उतरते, चहा घेते, पुन्हा वर चढते.

आठ

चुलीपाशी वहिनी आणि शेजारच्या दोघीजणी. आज चटण्या चार: शेंगदाण्याची, जवसाची, कारळाची आणि नुसत्या लसणाची. चारही कोरड्या. हुरड्याबरोबर ओली चटणी देऊ नये; गरम दाण्याला पाणी सुटतं, तो गार होतो आणि त्याची गोडी बुजते. कोरडी चटणी दाण्याला चिकटते एवढीच, वर बसत नाही.

जवस तव्यावर टाकलं की तडतडायला लागतं. ती तडतड मंदावली की तवा खाली, एक क्षणही पुढे नाही. कारळाचं काम त्याहून अवघड. जवसाचा रंग बदलताना दिसतो. कारळ मुळातच काळं, ते भाजलं की करपलं हे डोळ्याला कळत नाही. वहिनी तव्यावर वाकतात, हाताने वाफ नाकाकडे ओढतात. कच्च्या कारळाला तेलकट, मातकट वास असतो. तो जाऊन तिळासारखा खमंग वास उठतो, आणि त्याच्या पाठोपाठ कडवट वास यायला जेवढा वेळ लागतो तेवढीच सवड. मी त्या तव्यापाशी उभा राहून पाहिलंय, मला तो बदल नाकाने धरता येत नाही. वहिनी शेजारणीशी बोलता बोलता तो धरतात.

ठेच्याच्या मिरच्या पिंपळगाव रेणुकाईच्या. आमच्याच तालुक्यातला तो मिरचीचा बाजार, हंगामात तिथून हिरवी मिरची ट्रक भरभरून परराज्यांत जाते. मिरच्या, लसूण, जाडं मीठ तव्यावर भाजून खलबत्त्यात ठेचायचं. मिक्सर घरात आहे, पण वहिनी त्याला आज हात लावू देत नाहीत. त्यात मिरचीची पेस्ट होते, आणि ठेच्यात मिरचीचा तुकडा तुकड्यासारखा दाताखाली आला पाहिजे.

दह्याचं मडकं, गुळाची ढेप, रेवड्या, बोरं, पातीचा कांदा. ते सगळं पडवीत मांडून होतं.

साडेनऊ

गाड्या आल्या. मंडळाला आमच्याकडे एकच अट असते: वेळेवर या. कारण गाड्या फाट्यावर आल्याचा फोन लागल्याशिवाय दादा कणसाला विळा लावत नाही. सकाळी लवकर कापून ठेवली तर काम सोपं होईल, पण कापलेलं कणीस तास-दोन तास पडून राहिलं की सुकतं, दाणा आवळतो आणि चोळताना कोंडा सुटत नाही. दवही वाळलेलं असावं लागतं. ओलं कणीस निखाऱ्यात गेलं की भाजण्याऐवजी शिजतं.

पाहुण्यांतल्या एका डॉक्टरांनी विचारलं, "काका, आम्ही येऊन कापलं तर चालेल का?"

"चालेल की. पण दांड्याला वीतभर देठ ठेवा, नाहीतर भाजणाऱ्याच्या हाताला चटका बसतो."

मग तीसेक माणसं ज्वारीत शिरली. डोक्याच्या वर गेलेली ज्वारी, आत गेलेला माणूस दिसत नाही, नुसते आवाज ऐकू येतात. आजीने माचाणावरून ओरडून बजावलं, बांधाकडच्या ओळीला कुणी हात लावायचा नाही.

दहा ते बारा

आगटी दादाने गेल्या आठवड्यातच खणून ठेवली आहे: हातभर रुंद, वीत-दीड वीत खोल, लांबट खड्डा. तिच्यात रानशेण्या आणि गोवऱ्या नऊ वाजताच पेटवल्या. लाकूड नाही वापरायचं. लाकडाचा जाळ मोठा होतो, दाणा बाहेरून करपतो आणि आत कच्चा राहतो, शिवाय धुराचा वास लागतो. गोवरीचा जाळ बसला की खाली निखारा उरतो आणि वर राखेचा मऊ थर. कणीस त्या थरात डोकं खाली करून खुपसायचं, देठ वर. राख त्याला चहूबाजूंनी झाकते, निखारा खालून तापवतो आणि दाणा स्वतःच्याच ओलाव्यात शिजतो. दोन-तीन मिनिटांत एकदा फिरवायचं. दाणे आतून फुटल्याचा बारीक आवाज यायला लागला की बाहेर.

यानंतरचं काम चोळण्याचं, आणि हुरड्याची सगळी मजा किंवा सगळी माती तिथेच होते. कणीस गरम असतानाच तळहातांत धरून चोळायचं. गार झालं की कोंडा दाण्याला धरून बसतो. जोर कमी पडला तर कुसं राहतात आणि घशाला टोचतात. जास्त झाला तर दाणा चेंबतो. हल्ली मोठ्या हुरडा पार्ट्यांत कणसं गोणपाटात घालून रगडतात. काम झटपट होतं, पण त्यात निम्मे दाणे चेपतात. हाताला दाणा मोकळा झाल्याचं कळतं, गोणपाटाला कळत नाही. आमच्याकडे चोळायला बसलेल्या चौघींत सर्वांत वाकबगार आहेत त्या साठीच्या पुढच्या. कणीस दोन्ही तळव्यांत घेतात, तीन वेळा एका दिशेने, एकदा उलट, मग सुपात दाणे, वरून एक फुंकर, एक पाखडणं. सुपात उरतात ते पाचूसारखे हिरवे, वाफाळते दाणे. त्यांचे तळवे बघितले तर रेषांच्या जागी काळसर, चकाकती कातडी आहे.

वहिनींचा नियम आहे: खाणाऱ्याने एक तरी कणीस स्वतः चोळायचं, आणि अर्ध्या तासाने चोळणाऱ्या बायकांनी उठून पंगतीत बसायचं. पहिल्या वर्षी पाहुण्यांना हे अवघड गेलं. आता मंडळातलेच चार जण बाह्या सरसावून आगटीशी बसतात आणि बायका घोंगडीवर बसून गरम हुरडा, गूळ, चटणी खातात. साठीच्या पुढच्या बाई खाता खाता चोळणाऱ्यांना दुरुस्त करतात: "असं नाही साहेब, अंगठा आत घ्या. दाणा दाबायचा नाही, फिरवायचा." एक निवृत्त बँक मॅनेजर मान खाली घालून शिकत होते. पाचव्या-सहाव्या कणसाला त्यांचा दाणा अखंड निघाला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आज तीन जातींचा हुरडा आहे. गूळभेंडी, सुरती आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाची परभणी वसंत. राहुरीच्या विद्यापीठाचीही फुले मधुर म्हणून हुरड्याची जात आहे, ती दादा पुढच्या साली लावणार. विद्यापीठांनी खास हुरड्यासाठी जाती काढल्या त्या गोडीसाठी जशा, तशाच कोंडा सहज सुटावा म्हणूनही. पाहुण्यांनी तिन्ही जाती वेगवेगळ्या खाल्ल्या, मध्ये ताकाचा घोट. गूळभेंडी सर्वांत गोड आणि मऊ, सुरतीचा दाणा बारीक आणि खमंग, परभणी वसंत रसाळ आणि चोळायला सर्वांत सोपी. मंडळात मतं पडली. मला स्वतःला गूळभेंडीच आवडते, आणि तीही आधी नुसती, चटणी न लावता.

मंडळात एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. त्यांचा मुलगा माल्टात एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम करतो. भूमध्य समुद्राच्या मध्यावरचं ते छोटं बेट. फिनिशियन, रोमन, अरब, मग 1530 पासून सेंट जॉनचे सरदार, नेपोलियन, इंग्रज असे सगळे तिथे राज्य करून गेले. बाई सांगत होत्या, की तिथे खवय्यांच्या एका जुन्या संस्थेचं स्नेहभोजन होतं आणि त्यांच्या मुलाने त्यासाठी काम केलं. शेन दे रोतिस्सर हे त्या संस्थेचं नाव. तिचं मूळ आहे पॅरिसमध्ये 1248 साली राजाने मान्यता दिलेल्या, हंस भाजणाऱ्या कारागिरांच्या संघात. फ्रेंच राज्यक्रांतीत कारागिरांचे असे संघ मोडले, आणि 1950 मध्ये पॅरिसमध्येच ही परंपरा पुन्हा उभी करून आजची संस्था सुरू झाली. आता तिच्या शाखा जगभर आहेत. सभासद गळ्यात रुंद फीत घालून जेवायला बसतात, आणि त्यांच्यात खाणारे जसे असतात तसे व्यवसायाने स्वयंपाक करणारेही असतात.

दादा निखारे सारखे करत ऐकत होता. त्याने विचारलं, "भाजणाऱ्यालाबी ती फीत असते?"

"असते ना," बाई म्हणाल्या. "तो सभासदच असतो."

"मग बरोबर हाये त्यांचं," दादा म्हणाला आणि सुपातला पहिला हुरडा त्याने चोळणाऱ्या बाईंच्या पुढे सरकवला.

मला माल्टाच्या त्या जेवणातली ही एकच गोष्ट आपल्याकडे यावी असं मनापासून वाटतं. महाराष्ट्रात हल्ली हुरडा पार्ट्या शेकड्यांनी होतात. माणशी दर, झोके, बैलगाडीची फेरी, सेल्फीची जागा. त्यात काही वावगं नाही. शेतकऱ्याच्या हातात चार पैसे येतात. पण चोळणाऱ्या बायका दूर एका शेडमध्ये बसलेल्या असतात आणि खाणाऱ्यांना त्यांचे चेहरे दिसत नाहीत. चव ज्यांच्या हातून येते त्यांच्याशी ओळख झाली नाही, तर त्या खाण्यातलं निम्मं तसंच राहून जातं.

एक

हुरड्यानंतर पोट भरलेलं असतं, तरी भाकरी होतेच. ज्वारी आमच्या जिल्ह्याची दगडी, जिला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. काटेरी वांग्यांचं भरीत त्याच आगटीत भाजून. पिठलं, ठेचा, ताक. पाहुण्यांनी भाकरी अर्धी-अर्धी वाटून घेतली. मोठी माणसं आंब्याखाली आडवी झाली, मुलं बोरांच्या मागे गेली.

तीन

हा तास माझा. ज्यांना चालायचं आहे त्यांना मी नदीच्या कडेने भोकरदनच्या पांढरीकडे, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेकडे, घेऊन जातो. आजचं भोकरदन म्हणजे सातवाहन काळातलं भोगवर्धन. सांची आणि भारहुतच्या स्तूपांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत, त्यांत भोगवर्धनचे लोक आहेत. इथून तिथवर जाऊन दगडाच्या कामाला पैसे देण्याइतकं हे गाव सधन होतं. 1973 मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी मिळून इथे उत्खनन केलं; शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी त्याचा अहवाल लिहिला, तो पुढच्या वर्षी छापून आला. मणी, शंखाच्या बांगड्या, मातीच्या मूर्ती, नाणी, आणि हस्तिदंताची एक खंडित स्त्रीमूर्ती.

या मूर्तीची गोष्ट सांगितली की चालणारे थांबतात. इटलीत, व्हेसुव्हियसच्या पायथ्याशी पॉम्पेई हे गाव इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. तिथे 1938 साली अमेदेओ मायुरी यांच्या उत्खननात एका घरात वीतभराहून थोडी उंच, हस्तिदंताची भारतीय स्त्री सापडली. अंगावर दागिनेच दागिने, दोन्ही बाजूंना दासी. डोक्यावरून खाली गेलेलं भोक पाहता ती एखाद्या वस्तूचा आधार म्हणून घडवलेली असावी. ती आज नेपल्सच्या वस्तुसंग्रहालयात आहे. तिच्या फार जवळची मूर्ती धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला मिळाली, आणि दुसरी इथे, केळनेच्या काठी. त्यांच्या घडणीत इतकं साम्य आहे, की पॉम्पेईची ती बाई दख्खनच्या या कारागिरांच्या परंपरेतली, असं अनेक अभ्यासकांनी मांडलंय.

"म्हणजे इथलं सामान तिथवर जायचं," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "आणि तिथून काय यायचं?"

मद्य यायचं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या पेरिप्लस या समुद्रप्रवासाच्या वर्णनात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे. तिच्यात मद्य आहे आणि इटलीच्या मद्याला पसंती असल्याचंही नोंदलंय. पैठण आणि तेर या दख्खनच्या पेठांतून माल गाड्यांवर भडोचला जायचा. पैठणहून भडोच वीस दिवसांची वाट, असं तो लिहितो. भोगवर्धन या पेठांच्या आणि अजिंठ्याच्या घाटाच्या दरम्यान. भूमध्य समुद्राच्या काठची द्राक्षं कुंभात बंद होऊन, जहाजातून आणि बैलगाडीतून दख्खनच्या सधन घरांत पोचायची.

उत्खननात जळकं धान्यही निघालं. मुकुंद काजळे यांनी त्या अहवालात इथल्या धान्याच्या अवशेषांवर लिहिलं आहे. धान्य एरवी मातीत कुजून जातं. जळून कोळसा झालेला दाणाच दोन हजार वर्षं आपला आकार धरून राहतो. कुणाच्या तरी चुलीत, कोठारात, आगीत भाजला गेलेला दाणा आज आपल्याला त्या घरातल्या जेवणाबद्दल काही सांगू शकतो. वाईन पोचली, हस्तिदंत पोचलं, मणी पोचले. ताजा, निखाऱ्यातून काढलेला दाणा मात्र तेव्हाही रानाबाहेर गेला नसणार. दूरवर पोचलेल्या मालाचा इतिहास लिहिला जातो, कारण त्याची नोंद दोन्ही टोकांना सापडते. जिथे पिकलं तिथेच खाल्लं गेलं त्याची नोंद कुणाच्याच वहीत नसते. मी वर्गात व्यापाराचा इतिहास शिकवतो, पण या पांढरीवर उभं राहिलं की मला दुसऱ्या प्रकारच्या इतिहासाची जास्त ओढ लागते.

परतताना डॉक्टरांनी असईच्या लढाईची चौकशी केली. नदीच्या खालच्या अंगाला, केळना आणि जुई यांच्या मधल्या रानात, 23 सप्टेंबर 1803 ला वेलस्लीच्या इंग्रज फौजेने शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांचा पराभव केला. तिकडे पुन्हा कधीतरी जाऊ, असं ठरलं.

साडेपाच

गाड्या गेल्या. जाण्याआधी दोघातिघांनी विचारलंच, घरी न्यायला थोडा हुरडा बांधून मिळेल का. दादा नाही म्हणत नाही, पण सांगतो, "गाडीतच खा, उद्यावर ठेवू नका." आमच्या जिल्ह्याची मोसंबी ट्रकात बसून पार दिल्लीपर्यंत जाते आणि गोड राहते. हुरड्याचं तसं नाही. तो गोठवून पाकिटात विकायला सुरुवात झालीय, आणि ते चालावं असंच मला वाटतं. सगळ्यांना रानात येणं शक्य नसतं आणि शेतकऱ्याला हंगाम सरल्यावरही पैसे हवेत. मात्र पाकिटातला हुरडा खाऊन हुरडा खाल्ला असं कुणी म्हणू नये. त्यात गोडी राहते, पण निखाऱ्यावरून तळव्यात आणि तळव्यातून तोंडात येताना जी ऊब आणि जो खमंगपणा असतो, तो पाकीट फोडून परत येत नाही.

मग हिशेब. चोळणाऱ्या बायकांना आणि आगटीवरच्या गड्यांना सारखाच रोज, हा वहिनींचा दुसरा नियम. यावरून दादाशी सुरुवातीला त्यांचं वाजलं होतं. गावात तशी रीत नाही, बाकीचे शेतकरी बोलतील, असं दादाचं म्हणणं. वहिनींनी एकच विचारलं होतं, "तुमच्या गड्यानं भाजलेलं कणीस न चोळता कुणी खाईल का?" तेव्हापासून रोज सारखा. राखणीच्या आजीला तिच्या रोजाशिवाय आजच्या पैशातून वेगळे, कारण ती पहाटे उभी राहिली नसती तर साडेनऊ वाजता कापायला कणसंच नव्हती.

सहा

अंधार पडायच्या आत एक काम उरलेलं. मधल्या तुकड्यातल्या गूळभेंडीत दादा पुन्हा शिरतो आणि निवडलेल्या ताटांना लाल दोरा बांधतो. ही कणसं कुणी हुरड्याला तोडायची नाहीत, ती पिकू द्यायची. पुढच्या वर्षीचं बी. निवडताना तो नुसता कणसाचा आकार बघत नाही. ताट वाऱ्यात लोळलेलं नको, कणीस फार गच्च नको, कारण गच्च कणसात ओल राहते आणि बुरशी धरते. एक दाणा सोलून बघतो, कोंडा किती सहज सुटतो. गूळभेंडीचं हे बी आमच्या आईकडून आलेलं. तिने गाडग्यात राख आणि कडुनिंबाचा पाला घालून ते वर्षानुवर्षं जपलं. विद्यापीठाच्या जाती चांगल्या आहेत, आम्ही त्या लावतोही, पण घरचं बी मोडायचं नाही, असं दादाने ठरवलंय. मलाही ते पटतं. एका घरातून बी गेलं की ते शेजारच्या घरात मागायला जावं लागतं, आणि आता शेजारच्या घरांतही ते उरलेलं नाही.

फोन वाजतो. परभणीहून कुणीतरी, पुढच्या रविवारी चाळीस माणसं आली तर चालेल का, विचारतंय. दादा मला खूण करून वरच्या तुकड्याचा अंदाज विचारतो. परवा हुरड्यात येईल, रविवारपर्यंत टिकेल, पण चाळिसांना पुरणार नाही.

"पंचवीस घ्या," तो फोनवर म्हणतो. "आणि साडेनवाच्या आत या. उशीर झाला तर नुसत्या भाकरीवर राहावं लागंल." फोन ठेवून तो माझ्याकडे वळतो. "आजीला उद्या लेकीकडं जायचंय. तुझं कॉलेज किती वाजता?"

"अकराला."

"मग सहाला माचाणावर चढ. नऊला वहिनी डबा देईल, तिथून तसाच निघ."

मी गोफण कुठे ठेवली ते बघायला पडवीत जातो.